गाण्यातला 'मी' कोण?

दहावीच्या सुट्टीत आमच्या चर्चच्या तरुण संघाचं तीन दिवसांचं शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेरगावाहून आलेल्या एका वक्त्यांनी 'ख्रिस्ती तरुण आणि संगीत' या विषयावर व्याख्यान दिलं. सैतान हा मुळात स्वर्गातला संगीतकार होता, असं त्यांनी सांगितलं. रॉक गाणी उलटी वाजवली तर त्यात सैतानाची स्तुती ऐकू येते, हेही सांगितलं. मग दिवे मंद झाले, कीबोर्डवर कुणीतरी हळू सूर धरला आणि वक्ते म्हणाले, "मोबाइल काढा."

माझ्याकडे दोन जीबीचं मेमरी कार्ड होतं. त्यात मित्रांकडून ब्लूटूथवर एकेक करून जमवलेली गाणी होती. अजय-अतुल, रहमान, थोडं लिंकिन पार्क. मी रडत 'फॉरमॅट' दाबलं. आजूबाजूची मुलंही रडत होती. तिसऱ्या दिवशी परत येताना एसटीच्या ड्रायव्हरने तीच गाणी लावली होती आणि आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत ओठ न हलवता ती मनात म्हणत होतो.

आता मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून रविवारच्या उपासनेत गिटार वाजवतो. मधली काही महिने सोडले, तर. ते महिने का सुटले, ते पुढे येईलच. त्या वक्त्यांवर मी बरीच वर्षं हसलो. आता तितकं हसू येत नाही. गाण्यांचा माणसावर परिणाम होतो, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. फक्त ते तो परिणाम चुकीच्या ठिकाणी शोधत होते.

उलटं वाजवून काय सापडतं?

आधी ते उलट्या गाण्यांचं प्रकरण संपवू. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये ही भीती पसरली होती. लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. १९८५ मध्ये जॉन वोकी आणि डॉन रीड या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. त्यांनी लोकांना उलटा वाजवलेला मजकूर ऐकवला. लोकांना त्याचा अर्थ काहीच लागला नाही. पण 'इथे अमुक वाक्य आहे, ऐका' असं आधी सांगितलं, की बहुतेकांना ते वाक्य ऐकू यायला लागलं. गंमत म्हणजे उलट्या वाजवलेल्या मजकुरात बायबलमधलं तेविसावं स्तोत्रही होतं.

मी स्वतः कॉलेजमध्ये असताना पायथनमध्ये हे करून पाहिलंय. ऑडिओ म्हणजे शेवटी आकड्यांची एक रांगच. ती उलटी करायला एक ओळ पुरते. सैतान सापडला नाही. आमच्याच चर्चचं एक भक्तिगीत उलटं केलं, तर ते मात्र भयंकर ऐकू आलं.

सैतान संगीतकार असल्याची कथाही अशीच. यहेज्केलच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातल्या एका उताऱ्यातून ती काढली जाते. तो मजकूर मुळात सोरच्या राजाविषयी आहे.

पण ख्रिस्ती परंपरेतली संगीताची भीती एवढी उथळ कधीच नव्हती. इ. स. ४०० च्या सुमारास ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात याबद्दल लिहिलंय. मिलानच्या चर्चमधली गीतं ऐकून तो कधीकाळी रडला होता. आता बिशप झाल्यावर त्याला प्रश्न पडतो, की मी गायलेल्या अर्थाने हललो की गाण्याने? गाण्यानेच जास्त हललो तर तो स्वतःचा अपराध मानतो. अलेक्झांड्रियाच्या अथनासियसची पद्धत त्याला आठवते, ज्यात स्तोत्र जवळजवळ बोलल्यासारखं म्हणायचं. पण स्वतःचे ते अश्रूही त्याला आठवतात. शेवटी तो गाण्याच्या बाजूने झुकतो, पण पूर्ण खात्रीने नाही. मला हा माणूस जवळचा वाटतो. तो गाणी 'फॉरमॅट' करत नाही. तो स्वतःला तपासतो.

झ्विंगलीने मात्र सरळ फॉरमॅट दाबलं. झुरिकचा हा सुधारक स्वतः अनेक वाद्यं उत्तम वाजवायचा. तरी त्याच्या काळात तिथल्या उपासनेतून गाणं गेलं आणि १५२७ मध्ये मुख्य चर्चचा ऑर्गन मोडण्यात आला. दुसरीकडे, मार्टिन लूथर स्वतः गीतं लिहून लोकांच्या तोंडी देत होता.

दोघांनाही एक गोष्ट कळली होती. प्रवचन विसरलं जातं, गाणं विसरलं जात नाही. चौथ्या शतकात एरियसने आपली मतं गाण्यांत घातली. खलाशी, जात्यावर दळणारे, वाटसरू यांच्यासाठी त्याने गीतं रचली, असं जुने इतिहासकार सांगतात. त्याच शतकात सिरियातल्या एफ्रेमने विरोधकांच्या गाण्यांना उत्तर म्हणून आपली गीतं लिहिली आणि ती बायकांच्या गायनवृंदांकडून गाऊन घेतली. म्हणजे चर्चच्या मोठ्या वादांमध्ये चाल हे हत्यार होतं. ग्रंथ थोड्यांनी वाचले. गाणी सगळ्यांनी गायली.

प्रवचन 'तू' म्हणतं, गाणं 'मी' म्हणतं

असं का होतं? यमक आणि ठेका स्मरणाला मदत करतात, हे आहेच. पण मला त्याहून मोठं कारण व्याकरणात दिसतं.

पाळक साहेब प्रवचनात म्हणतात, 'तू देवावर भरवसा ठेव.' मी मागच्या बाकावर बसून 'बघू' म्हणू शकतो. ऐकणारा आणि सांगणारा यांच्यात जागा असते, आणि त्या जागेत शंका मावते. गाण्यात ती जागा नसते. गाणं माझ्याच तोंडून 'मी भरवसा ठेवतो' असं वदवून घेतं. माझा आवाज, माझा श्वास, माझं 'मी'. पटायच्या आधीच मी ते बोलून मोकळा झालेला असतो.

सिनेमातल्या गाण्यातही 'मी' असतो. पण तिथे आपल्याला माहीत असतं, की हा 'मी' पडद्यावरच्या माणसाचा आहे. आपण तो थोडा वेळ भाड्याने घेतो. त्यातही धोका आहेच. काही आयटम साँग आणि काही रॅपमधला 'मी' बाईकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर पन्नास वेळा भाड्याने घेतली की हळूहळू आपल्या मालकीची होते. वसतिगृहात मी हे पाहिलंय, स्वतःतही पाहिलंय. त्या वक्त्यांनी हे सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

पण चर्चमध्ये तर भाडंही नसतं. तिथे देवासमोर म्हटलेला 'मी' माझाच असतो. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की आपली भक्तिगीतं आपल्याला कोणता 'मी' म्हणायला लावतात?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये पप्पा गेले. कोरोना, ऑक्सिजनसाठी फोन, सगळं तुम्हालाही माहीत आहे. दफनाला आम्ही मोजून काही माणसं होतो. गाणं झालंच नाही. पुढच्या रविवारी उपासना ऑनलाइन होती आणि मी घरून गिटार वाजवायची होती. यादीतलं पहिलं गाणं विजयाचं. मी जिंकलो, माझ्या आयुष्यात हार नाही, माझा देव मला कधीच पडू देत नाही, अशा अर्थाचं. मी पहिली कॉर्ड धरली आणि तोंड उघडलं नाही. त्या गाण्यातला 'मी' माझ्या घरात राहत नव्हता. मी कॅमेरा बंद केला. मग काही महिने गिटार वाजवलीच नाही.

त्या काळात, सवयीने, मी आमच्या वर्शिप टीमची सगळी गाणी एका एक्सेल शीटमध्ये उतरवली. प्रत्येकापुढे लिहिलं: आनंद, आभार, विजय, समर्पण, पश्चात्ताप, दुःख. शेवटचा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. एक-दोन गाणी होती, पण त्यांतही दुसऱ्या कडव्यापर्यंत दुःख संपून उजाडलेलं होतं.

आता हे बायबलशी ताडून पाहा. दीडशे स्तोत्रं आहेत, आणि ती मुळात गायची गीतंच आहेत. त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश विलापाची आहेत. देवा, किती दिवस? तू तोंड का लपवलंस? बहुतेकांना शेवटी आशेचं वळण मिळतं. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला तेही मिळत नाही. ते अंधारातच संपतं. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी ठरवलं, की असं गाणंही देवाच्या घरात गायला हवं. आम्ही आमच्या प्रोजेक्टरवरून ते काढून टाकलं होतं.

हा माझ्या मते आजच्या चर्चसंगीताचा खरा दोष आहे. ड्रम किंवा इलेक्ट्रिक गिटार हा दोष नाही. एकाच मनःस्थितीचा 'मी' सगळ्यांना पुन्हापुन्हा म्हणायला लावला, की दुःखी माणसापुढे दोनच वाटा उरतात. खोटं गायचं किंवा गप्प बसायचं. मी गप्प बसलो. अनेक जण खोटं गातात आणि त्यालाच विश्वास समजतात, ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

आजीचं गीतपुस्तक

त्या पावसाळ्यात मी नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजीकडे राहून काम करत होतो. आजीला वाचता येत नाही. गीतपुस्तक मात्र तिच्या उशाशी असतं, आणि त्यातलं बरंचसं तिला पाठ आहे. संध्याकाळी ती टाळ घेऊन भजन म्हणायची. मुलगा गेलेली बाई. मी एकदा विचारलं, "आजी, तुला गावंसं कसं वाटतं?"

ती म्हणाली, "वाटत न्हाई रे. पण यात मला देवाला इचारता येतं."

ती जी भजनं म्हणायची, त्यातली बरीच नारायण वामन टिळकांची होती. लहानपणी आम्ही त्यांना 'म्हाताऱ्यांची गाणी' म्हणायचो. शाळेतल्या पुस्तकातून टिळक फुलामुलांचे कवी म्हणून माहीत होते, बालकवींना घरात ठेवून घेणारे म्हणून माहीत होते. त्यांनी चर्चच्या गाण्याचं काय केलं, ते मी त्या पावसाळ्यात पहिल्यांदा नीट वाचलं.

टिळकांचा जन्म १८६१ चा. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. तेव्हा मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं बरीच होती. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सगळं उपासनेत आणलं. मिशनच्या परिसरात कीर्तनाचे प्रयोग आधीपासून होत होते, पण एवढ्या प्रमाणात आणि एवढ्या आतून ते करणारा कवी टिळकच. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या गीतांत ख्रिस्त माउली होतो. १९१७ मध्ये ते मिशनपासून वेगळे झाले, 'देवाचा दरबार' सुरू केला आणि १९१९ मध्ये गेले.

यावर नेहमी म्हटलं जातं, की टिळकांनी ख्रिस्ती धर्माला 'भारतीय पोशाख' दिला. मला हे अपुरं वाटतं. पोशाख वरून चढवता येतो. अभंग असा चढवता येत नाही. एक तर त्याची बांधणीच वेगळी. मोठ्या अभंगात चार चरण, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. अक्षरं मोजायची आणि गाताना प्रत्येकाला सारखी जागा द्यायची. त्यामुळे बोलण्यातलं वाक्य न मोडता गाण्यात बसतं. आमच्या भाषांतरित गाण्यांत नेमकं उलटं होतं. इंग्रजी चाल आघातावर चालते आणि ओळीच्या शेवटी जोर मागते. मराठी वाक्याच्या शेवटी येतं बिचारं 'आहे' किंवा 'आहेस'. मग सगळी मंडळी हात वर करून, डोळे मिटून, चार मात्रा 'आहेऽऽस' ओढत राहते. अर्थ मागे राहतो आणि क्रियापदाची पूजा होते. हे मी स्वतः शेकडो वेळा गायलोय.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अभंगासोबत एक हक्क आला. वारकरी संत विठ्ठलाशी भांडतात. रुसतात, हिशेब मागतात, तू दगड आहेस म्हणतात. ती भाषा आलेल्या माणसाला स्तोत्रसंहितेतली तक्रार परकी वाटत नाही. टिळकांच्या गीतांत ख्रिस्ताच्या ओढीची तळमळ आहे, स्वतःवरची चीड आहे, उशीर का लावलास असं विचारणं आहे. आजीला 'इचारता' येत होतं, ते या हक्कामुळे.

पण हा 'मी' तरी कुणाचा?

इथे थांबून दोन आक्षेप घ्यायला हवेत, नाहीतर हा लेख 'जुनं ते सोनं' असा होईल.

पहिला सत्तेचा. मराठी छंदात ख्रिस्तकथा सांगण्याची सुरुवात टिळकांच्या कितीतरी आधी झाली. इंग्लंडहून आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्रीचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. मराठी भाषेची त्यातली स्तुती शाळेत आपल्यालाही शिकवतात. पण त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? म्हणजे ही सुंदर ओवी रिकाम्या केलेल्या जागेवर उभी आहे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. गाणं आपल्या छंदात आहे म्हणून ते निरागस ठरत नाही. कुणी कुणाच्या तोंडी घातलं, हेही बघावं लागतं.

दुसरा आक्षेप माझ्या घरचा. टिळक चित्पावन ब्राह्मण. नगर भागातल्या मंडळ्यांतले बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आलेले. आमचं घरही त्यातलंच. टिळकांची भाषा कधीकधी फार संस्कृत होते. आजी काही शब्द चुकीचे म्हणते आणि अर्थ विचारला तर हसते. त्या गीतांतला 'मी' तिचा होता का?

यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण मी एवढं पाहिलं, की तिने तो वापरून वापरून आपला केला. शब्द वाकवले, चाल जात्यावरच्या ओवीकडे नेली, जे पटत नव्हतं ते कडवं गाळलं. गाळलेली कडवी मी गीतपुस्तकाशी पडताळून पाहिली. आजी ही माझ्या माहितीतली पहिली समीक्षक.

आणि मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर काय कोसळलं, ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. स्वतःच्या वाटेने पोचल्या तेव्हाच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा 'मी' त्यांनी उसना घेतला नाही. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते पुढे याच बाईने पूर्ण केलं. म्हणून मला ते पूर्ण करणं पतिनिष्ठेपेक्षा मोठं वाटतं.

मग कोणती गाणी चालतात?

त्या वर्षीच्या नाताळापासून मी पुन्हा वाजवायला लागलो. गिटारच वाजवतो. अभंगाला परत जा, असं मी कुणाला सांगत नाही. आमच्या पोरांना गिटार परकी नाही, तीच त्यांची आहे. पण टिळकांनी त्यांच्या काळात जे केलं, ते आमच्या काळात करायचं काम बाकी आहे. आजच्या मराठीत, आजच्या चालीत, रडणाऱ्यालाही म्हणता येईल असा 'मी' लिहिणं.

मागच्या महिन्यात तरुण संघातला एक मुलगा कानातले इअरफोन काढून म्हणाला, "दादा, हे ऐकलेलं चालतं का?" दहावीतलाच. स्क्रीनवर एक मराठी रॅप होतं. मला क्षणभर ते मेमरी कार्ड आठवलं.

मी म्हटलं, "चाल सोडून दे. शब्द मोठ्याने वाच, स्वतः बोलतोयस असं समजून. त्यातला 'मी' तुला चालतो का, बघ."

त्याने वाचलं. एका ठिकाणी अडखळला, कान लाल झाले. बाकीचं त्याला आवडलं. त्यात त्याच्या वस्तीबद्दल आणि पाणी न येण्याबद्दल होतं. मग त्याने माझ्या हातातली रविवारची यादी घेतली आणि पहिलं गाणं तसंच वाचायला सुरुवात केली. सरळ, सपाट आवाजात. दोन ओळींनंतर थांबला.

"दादा, हे तरी कुठे खरंय?" त्याच्या वडिलांची नोकरी गेल्याचं मला ठाऊक होतं.

त्या रविवारी आम्ही ते गाणं गायलं नाही. त्याच्या जागी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र नुसतं वाचलं, मागे दोनच कॉर्ड्स. शेवटी कुणी 'आमेन'ही पटकन म्हटलं नाही. उपासना संपल्यावर एक मावशी माझ्यापाशी आल्या. काही न बोलता त्यांनी माझा हात दाबला आणि निघून गेल्या.